'एखादा कोरियन ड्रामा सुचव ना' म्हणणाऱ्यांसाठी

हा निरोप मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी ऑफिसमधली कुणी, कधी चुलतबहिणीची जाऊ, आणि एकदा तर आमच्या दातांच्या डॉक्टर, तेही माझ्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून झाल्यावर. पूर्वी मी फार विचार न करता माझ्या आवडीची चार नावं सांगून मोकळी व्हायचे. आत्याने विचारलं तेव्हा 'द ग्लोरी' सांगितला. शाळेत छळ झालेली मुलगी मोठी होऊन सूड उगवते, कथा बांधीव, अभिनय उत्तम. आत्या रात्री ताट वाढून घेऊन टीव्हीसमोर बसली. पहिल्याच भागात वर्गातलं टोळकं केस कुरळे करायच्या तापलेल्या यंत्राने त्या पोरीला चटके देतं. साडेनऊला फोन आला, "मी तुझं काय वाकडं केलं होतं गं?"

तेव्हापासून मी नाव सांगायच्या आधी चार प्रश्न विचारते. 'सगळ्यात भारी ड्रामा कुठला' याला उत्तर नाही, 'मला आज रात्री कुठला चालेल' याला आहे. इथे त्या उत्तरापर्यंत कसं जायचं, आणि पुढे आपल्यासारख्या बघ्यांच्या घोळक्यात कसं वावरायचं, ते माझ्या पद्धतीने सांगते.

पहिली पायरी: वेळेचा हिशोब

आपल्याकडची मालिका सुरू झाली की संपायचं नाव घेत नाही. सुनेची सासू होते, तरी शीर्षकगीत तेच. कोरियन ड्रामाचं मोठं सुख म्हणजे तो संपतो. नेहमीचा साचा सोळा भागांचा, प्रत्येक भाग तास-सव्वातासाचा. तिकडे टीव्हीवर आठवड्याला दोन भाग लागतात, सोम-मंगळ, बुध-गुरू किंवा शनि-रवि, म्हणजे दोन महिन्यांत खेळ खलास. दुसरा सीझन सहसा नसतो. एक गोष्ट, तिचा शेवट, नमस्कार. अलीकडे बारा भागांचे ड्रामे बरेच येतात, आणि नेटफ्लिक्सने स्वतः काढलेले आणखी आटोपशीर असतात. 'स्क्विड गेम'चा २०२१ चा पहिला सीझन नऊच भागांचा होता.

सोळा भाग म्हणजे अठरा-एकोणीस तास. रोज एक भाग बघितला तर पंधरवडा. हे आधी कळलेलं बरं, कारण नवखी मंडळी शुक्रवारी रात्री सुरू करतात आणि सोमवारी सकाळी डोळे लाल करून लोकलला उभी असतात.

दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे भागांचा आकडा. एखादा ड्रामा यादीत बत्तीस भागांचा दिसला तर लगेच घाबरू नका. तिकडच्या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्येच जाहिरात दाखवायला २०२१ च्या जुलैपर्यंत बंदी होती. मग त्यांनी युक्ती काढली, एका रात्रीचा भाग मधोमध कापायचा, त्याला दोन भाग म्हणायचं आणि मधल्या फटीत जाहिरात घालायची. त्या काळातले कित्येक 'बत्तीस भाग' म्हणजे नेहमीचेच सोळा. भाग पस्तीसेक मिनिटांचा असेल तर समजून जा. याउलट 'रिप्लाय १९८८' वीसच भागांचा दिसतो, पण एकेक भाग दीड तासाच्या घरात जातो. म्हणून आकडा बघायचा तो मिनिटांचा.

दुसरी फसगत म्हणजे शनिवार-रविवारचे पन्नास भागांचे कौटुंबिक ड्रामे आणि रोजचे शंभराहून अधिक भागांचे. ते आपल्या मालिकांचेच सख्खे भाऊ आहेत: हरवलेलं मूल, कावेबाज विहीणबाई, सगळं. आवडत असेल तर जरूर बघा, फक्त पहिल्यांदाच त्यात पाय घालू नका.

दुसरी पायरी: नाव शोधायच्या आधी स्वतःला विचारा

एकटे बघणार की घरच्यांसोबत? एरवी काय बघता? रक्त चालतं का? आणि सध्या मन कसं आहे? हा शेवटचा प्रश्न उगीच नाही. मला स्वतःला २०२० च्या लॉकडाउनमध्ये एका मैत्रिणीने पहिलाच ड्रामा 'माय मिस्टर' दिला होता. कर्जात बुडालेली एकाकी मुलगी आणि आतून विझत चाललेला पंचेचाळिशीचा इंजिनिअर. मी दीड भागात बंद केला. पुढे वर्षभराने, बरेच ड्रामे पचवल्यावर, पुन्हा लावला आणि तो माझा सगळ्यात लाडका झाला. ड्रामात काही खोट नव्हती, वेळ चुकली होती.

काहीच ठरत नसेल तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू'. सोळा भाग, २०१९-२०. दक्षिण कोरियातली श्रीमंत घरची बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि सीमा ओलांडून उत्तर कोरियात, थेट तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या पुढ्यात पडते. वादळाचा तो प्रसंग निमूट गिळा. पुढे खरी गंमत आहे ती त्या उत्तर कोरियन खेड्यातल्या बायकांची. त्यांच्या चौकशा, अचानक जाणारी वीज, घराघरातली किमची (कोबीचं तिखट लोणचं) घालायची गडबड. लेखनाच्या चमूत उत्तर कोरियातून आलेला एक जण होता, म्हणून त्या खेड्याला घराचा वास येतो. नायक ह्यून बिन आणि नायिका सोन ये-जिन यांनी २०२२ मध्ये खरोखर लग्न केलं, हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच आहे, म्हणून मीच सांगून टाकते.

आई-बाबांसोबत बघायचं असेल तर माझं उत्तर ठरलेलं: 'रिप्लाय १९८८'. सोलच्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, तिथली पाच मुलं आणि त्यांची घरं. पहिल्या भागात एक प्रसंग आहे. संध्याकाळची जेवणाची वेळ. एका घरी काहीतरी जास्तीचं झालंय, आई मुलाच्या हातात वाडगा देते, शेजारी देऊन ये म्हणते. शेजारीण तो घेते आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून आपल्याकडचं काहीतरी देते. मग ते तिसऱ्या घरी. मुलं वाडगे घेऊन गल्लीतून नुसती पळत राहतात, आणि शेवटी कुठल्याच घरच्या ताटात फक्त घरचं जेवण उरत नाही. वाटी रिकामी परत करायची नाही, हे चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या बायका एकमेकींना हाकही 'सनुची आई', 'जंगह्वानची आई' अशीच मारतात. नायिका दक-सनचे वडील बँकेत आहेत, पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिले आणि बसले, म्हणून कुटुंब अर्धं जमिनीखालच्या खोल्यांत राहतं. माझ्या बाबांनी तिथे रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "हे आपल्या नानांचं झालं." त्यानंतर वीस भाग त्यांनी एकही चुकवला नाही.

एक इशारा मात्र देते. हा ड्रामा सुरुवातीला फार गोंगाटी वाटतो. सगळे ओरडून बोलतात, आणि कोण कुणाचा मुलगा ते कळायला दोन भाग जातात. कागदावर घरं मांडून ठेवा, लाज कसली.

घरात सत्तरीचं कुणी असेल तर 'डियर माय फ्रेंड्स', २०१६. म्हाताऱ्या मैत्रिणींची गोष्ट, आणि त्यात कोरियातल्या एकाहून एक ज्येष्ठ अभिनेत्री. पुढे २०२१ मध्ये ऑस्कर मिळवलेल्या युन यो-जंगही त्यात आहेत.

प्रेमबीम नकोच म्हणणाऱ्यांसाठी 'सिग्नल'. जुन्या वॉकी-टॉकीवरून रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी भूतकाळातला एक पोलिस आजच्या पोलिसाशी बोलतो. त्यातलं एक प्रकरण ह्वासंगच्या खऱ्या खूनसत्रावरून घेतलंय. ड्रामा २०१६ मध्ये आला तेव्हा खरा खुनी सापडलेला नव्हता, तो २०१९ मध्ये डीएनएवरून कळला. हे लक्षात ठेवून बघितलं की अंगावर काटा येतो. कोर्टकचेरी आवडत असेल तर 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू': ऑटिझम असलेली हुशार वकील, बहुतेक भागांत नवा खटला. कामावरून थकून येणाऱ्यांना मी 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' देते. मेडिकल कॉलेजपासूनचे पाच मित्र एकाच हॉस्पिटलात डॉक्टर आहेत आणि वेळ काढून बँड वाजवतात. त्यात खलनायकच नाही.

'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' कुणी सुचवला तर तो मान देऊन बाजूला ठेवा. २००९ मध्ये त्याने कित्येकांना वेड लावलं, ली मिन-होला घराघरात नेलं, पण आज त्यातला नायक मुलीला ज्या दादागिरीने वागवतो ते बघवत नाही. तो नंतर, इतिहास म्हणून बघा.

तिसरी पायरी: आवाज कोरियनच ठेवा

हिंदी डबिंग सोयीचं आहे, पोळ्या लाटताना ऐकता येतं, मान्य. आपल्यातल्या काहींनी २००६ च्या सुमारास दूरदर्शनवर 'घर का चिराग' हिंदीतूनच बघितला होता. तो मुळातला 'दे जांग गुम', राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्य झालेल्या बाईची चौपन्न भागांची गोष्ट. पण जमत असेल तर मूळ आवाज आणि इंग्रजी सबटायटल लावा. पहिले दोन भाग डोळ्यांची ओढाताण होते. मग वाचतोय हेच विसरायला होतं.

सबटायटलवर पूर्ण विश्वास मात्र टाकू नका. 'अटर्नी वू'मधली नायिका स्वतःची ओळख करून देताना सांगते की तिचं नाव उलट-सुलट कसंही वाचा, सारखंच: वू-यंग-वू. मग तशाच शब्दांची यादी म्हणते. इंग्रजी सबटायटलमध्ये 'कयाक', 'रेसकार' वगैरे येतात. कोरियन ऐकाल तर त्या यादीत स्पष्ट 'इन-दो-इन' ऐकू येतं. त्याचा अर्थ 'भारतीय माणूस'. इंग्रजीत तो उलट-सुलट सारखा वाचता येईना, म्हणून भाषांतरात आपण गायब. भाषांतरकाराचा दोष नाही, 'कडक' आणि 'सरस' इंग्रजीत नेऊन दाखवा म्हटलं तर आपलीही तीच गत होईल. पण कान उघडे ठेवले तर असं काहीबाही हाती लागतं.

व्हिकी या ॲपवरची बरीच सबटायटलं चाहतेच हौसेने करतात आणि काही जण मूळ शब्द तसाच ठेवून अर्थ कंसात देतात. सुरुवातीला ते फार उपयोगी पडतं. कुठला ड्रामा कुठल्या ॲपवर आहे हे सारखं बदलतं, त्यामुळे वर्गणी भरायच्या आधी नाव टाकून शोधा.

चौथी पायरी: अहो-जाहो ओळखायला शिका

या पायरीसाठी मी जास्त जागा घेणार आहे, कारण मराठी माणसाला जे फुकट मिळतं ते इंग्रजीतून बघणाऱ्याला पुस्तकं वाचून शिकावं लागतं. इंग्रजीत सगळेच 'यू'. कोरियनमध्ये मात्र समोरच्याशी कुठल्या पायरीवरून बोलायचं हे क्रियापदाच्या शेपटीत ठरतं, आणि ती शेपटी ओळखणं सोपं आहे. वाक्याच्या शेवटी '-यो' आला की अहो-जाहो. तो गळला की अरे-तुरे. 'कोमावोयो' म्हणजे 'आभारी आहे हं', 'कोमावो' म्हणजे 'थँक्स रे'. 'सारांगहेयो' आणि 'सारांगहे' यांतही तेवढंच अंतर. '-म्निदा' ऐकू आलं तर प्रकरण आणखी औपचारिक: बातम्या, सैन्य, कंपनीची बैठक.

आता प्रेमकथेत काय होतं बघा. दोघं आठ भाग एकमेकांशी '-यो' लावून बोलत असतात. नवव्या भागात रस्त्यावर, दिव्याखाली, एक जण अडखळत विचारतो, आता बोलणं सैल करूया का? कोरियनमध्ये याला म्हणतात 'माल नोता', शब्दशः बोलणं खाली ठेवणं, हातातलं ओझं ठेवावं तसं. इंग्रजी सबटायटल काहीतरी 'मोकळेपणाने बोलूया' छापाचं देऊन पुढे जातं आणि परदेशी प्रेक्षकाला कळत नाही की नायिका एवढी का लाजली. तुम्हाला कळेल. 'अहो' वरून 'अरे' वर यायला किती दिवस लागतात आणि त्या पहिल्या 'अरे'ला जीभ कशी अडते, हे आपल्याला माहीत आहे. उलटंही होतं. भांडणात जवळची व्यक्ती अचानक '-यो' लावायला लागली तर समजा, दार बंद झालं.

नात्यांचे शब्दही बोलणारा कोण त्यावर ठरतात. मुलगी थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणते आणि थोरल्या बहिणीला 'ऑन्नी'. मुलगा थोरल्या भावाला 'ह्यंग' म्हणतो आणि बहिणीला 'नुना'. रक्ताचं नातं लागत नाही, वयाने मोठा मित्र असला तरी तेच. आता पंचाईत अशी की मुलगी आपल्या प्रियकरालाही 'ओप्पा'च म्हणते. माझी आई पहिल्यांदा हे ऐकून ताठ बसली, "दादा म्हणतेय आणि हात धरतेय?" तिला समजावेपर्यंत दोन प्रसंग निघून गेले. बाकी 'अप्पा' म्हणजे बाबा आणि 'ओम्मा' म्हणजे आई, हे आपल्याला परकं वाटत नाही. शाळा-कॉलेज-ऑफिसातला आधीचा तो 'सनबे'. 'आजुम्मा' म्हणजे काकू, आणि तिशीतल्या बाईला ती हाक मारली तर आपल्याकडे होतं तेच होतं. 'आइगू' म्हणजे 'अगं बाई', 'अरे देवा', उठता-बसता गुडघ्यातून निघणारं 'आई गं', सगळं एकात. 'ह्वाइटिंग' म्हणजे 'होऊन जाऊ दे'.

पहिल्याच भेटीत वय विचारतात ते उद्धटपणाने नव्हे. वय कळल्याशिवाय हाक काय मारायची हेच ठरत नाही. आडनाव आधी आणि नाव नंतर येतं. बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, म्हणून नवरा-बायकोची आडनावं वेगळी दिसली तर कथेत काही भानगड आहे असं समजू नका. आणि सगळे किम, ली, पार्क आहेत म्हणून गोंधळलात तर आडनाव सोडून उरलेली दोन अक्षरं लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: चार भागांचा नियम

पहिले दोन भाग बहुतेक वेळा मांडामांड करण्यात जातात. बालपण, अपघात, पंचवीस पात्रांची ओळख, आणि प्रेक्षक पळू नये म्हणून एखादी परदेशवारी. गोष्ट खऱ्या अर्थाने बसते ती तिसऱ्या-चौथ्या भागात. म्हणून चार भाग द्या. चौथ्यानंतरही फोनकडेच हात जात असेल तर खुशाल सोडा. 'एवढा बघितलाय तर संपवूया' म्हणून रेटण्यात अर्थ नाही, उरलेले तेरा-चौदा तास कुणी परत देत नाही. दीडपट वेगाने मात्र बघू नका. या ड्राम्यांची अर्धी जादू गप्प उभं राहण्यात असते.

शेवटाबद्दलही आधीच सांगून ठेवते. उत्तम चाललेला ड्रामा शेवटच्या आठवड्यात घसरतो, ही चाहत्यांची जुनी जखम आहे. बरीच वर्षं पद्धतच अशी होती की एकीकडे भाग लागताहेत आणि दुसरीकडे पुढचे लिहून, चित्रित करून व्हायचे आहेत. संहितेची पानं सेटवर येतील तशी यायची. लेखक आणि नट दोघंही शेवटाला अर्धमेले. आता प्रक्षेपणाआधीच बरंचसं चित्रीकरण उरकतात, तरी पंधराव्या भागात नायक-नायिकेची ताटातूट आणि सोळाव्यात 'एक वर्षानंतर' ही खोड गेलेली नाही.

सहावी पायरी: नेहमीच्या पाहुण्यांशी ओळख

काही गोष्टी इतक्यांदा येतात की त्यांना हसायची सवय लावून घ्या. मनगट धरून ओढणं (जुन्या ड्राम्यांत फार, आता बरंच कमी). दारू प्यायलेल्या नायिकेला पाठुंगळी घेऊन घरी सोडणं. एका छत्रीत दोघं आणि नायकाचा खांदा भिजलेला. पांढरा ट्रक दिसला की कुणाचा तरी अपघात नक्की. आजोबांचा उद्योगसमूह, ज्याला तिकडे 'चेबोल' म्हणतात, आणि त्यातला बिघडलेला नातू. रात्री घराच्या दारात विचारलेलं 'रामेन खाऊन जाणार का' हे नूडल्सचं आमंत्रण नसतं, एवढं सांगून थांबते. घरी मोठी माणसं सोबत असतील तर तिथे चहा टाकायला उठा.

मध्येच सगळी पात्रं एकाच दुकानाची सँडविच तोंड भरून खाऊ लागली, किंवा वकील खटल्याच्या घाईत खिशातून कॉफीची गोळी काढून वेष्टन कॅमेऱ्याकडे करून चघळू लागला, की ती जाहिरात समजायची. २०१० पासून अशा छुप्या जाहिरातीला तिकडे रीतसर परवानगी आहे. आणि तुमचा आवडता नट दीड-दोन वर्षं गायब झाला तर चौकशी करण्याआधी त्याचं वय बघा, बहुधा सैन्यात गेला असेल. ती सेवा तिकडच्या तरुणांना सक्तीची आहे.

सातवी पायरी: घोळक्यात शिरताना

दोन-तीन ड्रामे झाले की बोलायला माणसं लागतात. इथे काही रीती आहेत, कुठे लिहिलेल्या नाहीत, पण मोडल्या तर बोलणी बसतात.

काही विचारताना रिकाम्या हाताने जाऊ नका. 'काहीतरी छान सुचवा' याला उत्तर म्हणून चाळीस नावांची यादी येते आणि तुम्ही होतात तिथेच राहता. असं विचारा: "'हॉस्पिटल प्लेलिस्ट' आवडला, 'सिग्नल' फार काळाकुट्ट वाटला, रात्री जेवताना नवऱ्यासोबत बघायचाय, बारा भागांच्या आत असेल तर उत्तम." अशा प्रश्नाला नेमकं नाव मिळतं. काय आवडलं नाही हे सांगणं तर जास्तच कामाचं.

कितव्या भागावर आहात ते पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे समोरचा जीभ आवरतो. तुमच्या पुढे असलेल्याने 'अजून रडायला यायचंय बघ' एवढंही म्हणू नये, पण म्हणतात. 'रिप्लाय १९८८' बघत असाल तर एक पथ्य कडक पाळा. त्यात नायिकेचा नवरा पुढे कोण होतो हे शेवटपर्यंत झाकून ठेवलंय, आणि दोन्ही बाजूंचे समर्थक आजही हातघाईवर येतात. कुठल्याही पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नका. चार अक्षरं टाकली की शोधपेटीच पुढचं वाक्य पुरं करून मोकळी होते. माझ्या एका मैत्रिणीचं सहाव्या भागालाच असं झालं, आणि तिने तो राग माझ्यावर काढला.

'सेकंड लीड' म्हणजे नायिकेवर जीव टाकणारा पण तिला न मिळणारा दुसरा नायक. त्याच्यासाठी हळहळणं हा इथला राष्ट्रीय छंद आहे. हळहळा, पण पहिल्या नायकाच्या चाहत्यांना शिव्या घालू नका. ड्रामातल्या जोडीला खऱ्या आयुष्यात बळजबरीने जोडू नका. वर दिलेलं ह्यून बिनचं उदाहरण अपवाद आहे, लोक त्याचाच नियम करून बसलेत.

आणि तुमची सुचवायची पाळी आली की? एकच नाव द्या. सोबत एक कारण आणि एक इशारा. 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरीन्स' मी असा देते: "जेजू बेटावरच्या एका बाईचं अख्खं आयुष्य, सोळा भाग, नवरा असावा तर असा. भाजी चिरताना बघू नका, कांदा नसताना डोळे वाहतील." नाव दिल्यावर रोज 'कुठवर आलीस' विचारू नका. त्यांना नाही आवडला तर तुमच्या घरच्या लग्नात पंगतीला नावं ठेवल्यासारखं तोंड करू नका. हे मला अजून जमलेलं नाही.

आठवी पायरी: पुढचा ड्रामा लेखकाच्या नावावरून

नवीन लोक आवडलेल्या नटाचं नाव धरून पुढे जातात आणि तिथे ठेच लागते, कारण नट चांगला असला तरी गोष्ट दुसऱ्या कुणाची असते. कोरियन ड्रामा बहुतेक वेळा एकाच लेखकाने, किंवा ठरलेल्या जोडीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेला असतो. तिकडे प्रेक्षकही लेखकाच्या नावावर ड्रामा लावतात. म्हणून श्रेयनामावलीत लेखक शोधा.

'क्रॅश लँडिंग' आवडला तर पार्क जी-उन. त्यांचाच परग्रहावरून आलेल्या नायकाचा 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' आणि २०२४ चा 'क्वीन ऑफ टिअर्स' आहे. 'सिग्नल' आवडला तर किम उन-ही, ज्यांनी जोसन राजवटीत, म्हणजे कोरियातल्या जुन्या राजांच्या काळात, झोंबी सोडले, तो 'किंग्डम'. 'रिप्लाय' आणि 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' दोन्ही ली वू-जंग यांचे, दिग्दर्शक शिन वॉन-होसुद्धा तोच, म्हणून दोन्हीकडे जेवणाची टेबलं इतकी भरलेली. 'माय मिस्टर' लिहिणाऱ्या पार्क हे-यंग यांनी पुढे 'माय लिबरेशन नोट्स' लिहिला. त्यात रोज लांबून सोलला ये-जा करणारी तीन भावंडं आहेत. बदलापूर-कर्जतकडच्यांनी जपून बघावा. आणि किम उन-सुक हे नाव 'गॉब्लिन' या जादुई प्रेमकथेवरही दिसेल आणि 'द ग्लोरी'वरही, तेव्हा लेखक एकच म्हणून सूर एकच असेल अशी खात्री धरू नका.

आत्याचं पुढे काय झालं ते राहिलं. त्या चटक्यांनंतर तिने चार महिने माझ्याकडून एकही नाव घेतलं नाही. मग गुडघ्याच्या ऑपरेशनने घरी पडून असताना मी तिला 'डियर माय फ्रेंड्स' लावून दिला आणि पळून आले. सोळा भाग तिने अकरा दिवसांत संपवले. फोनवर म्हणाली, "ती पांढऱ्या केसांची नाजूकशी आहे ना, तिचं अजून काही आहे का?" ती किम हे-जा. म्हटलं, बाईंचं आहेच, आणि ज्यांनी हे लिहिलं त्या नो ही-ग्यंगचंच आहे: 'अवर ब्लूज', वीस भाग, जेजू बेट, मासळीबाजार.

"चटके नाहीत ना?"

"नाहीत. पण जेवून घे आधी."